वाचकांचे प्रश्न : पहिल्या कमिटपूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून आलेली बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : संगणकावर तयार होत असलेले काम गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, प्रथमच कसे घ्यावे. या इतिहासातील प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. त्यामुळे या अंकातील सदर याच विषयाला दिले आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे चौघे विद्यार्थी गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम तयार करीत आहोत. पुस्तके मराठी आणि कन्नड अशी दोन्ही भाषांतील आहेत. आजवर आम्ही फोल्डर झिप करून व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवत होतो. आता ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल सरांना दाखवलेला’ असे अनेक फोल्डर साठले आहेत. मार्गदर्शक सरांनी सगळे काम गिटवर घ्यायला सांगितले आहे. सुरुवात कोठून करावी? (एक विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : पहिला निर्णय गिटबाहेरचा आहे : एवढ्या ‘फायनल’ फोल्डरांपैकी खरा कोणता? चौघांनी एकत्र बसून प्रोग्राम चालवून पाहावा, आपल्याकडे असलेला पण त्यात नसलेला भाग त्यात आणावा, आणि मगच तो एक फोल्डर गिटखाली घ्यावा. जुन्या झिप फाइली रेपॉझिटरीत (गिटखाली घेतलेल्या फोल्डरला इतिहासासह असे म्हणतात) टाकू नयेत. त्या एखाद्या पेनड्राइव्हवर बाजूला ठेवा. सबमिशन झाल्यावर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही.

यानंतरचा अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीतील जुनी ओळ जशी कोणी खरवडून काढत नाही, तशी गिटमधील फाइल पुढे काढून टाकली तरी इतिहासात ती शिल्लक राहते, आणि रेपॉझिटरी क्लोन करणाऱ्या, म्हणजे तिची इतिहासासह प्रत घेणाऱ्या, प्रत्येकाच्या संगणकावर ती जाते. म्हणून काय घ्यायचे यापेक्षा काय घ्यायचे नाही, हे आधी ठरवावे. तुमच्या डेटाबेसमध्ये वाचनालयाच्या सभासदांची नावे, पत्ते आणि मोबाइल क्रमांक असणारच. ती गावातल्या माणसांची खासगी माहिती आहे आणि ती गिटमध्ये येता कामा नये. त्याऐवजी टेबलांची रचना सांगणारी एसक्यूएल फाइल आणि कल्पित सभासदांच्या चार-दोन नोंदी घ्याव्यात, म्हणजे नव्या संगणकावर प्रोग्राम उभा करून तपासता येतो. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल (तिचे नाव बहुधा ‘.ईएनव्ही’ असते), आपोआप उतरवता येणाऱ्या लायब्रऱ्यांचे (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे) फोल्डर आणि प्रोग्राम बांधल्यावर तयार होणाऱ्या फाइली यांनाही बाहेरच ठेवावे. नोडमध्ये लायब्रऱ्यांचे हे फोल्डर ‘नोड_मॉड्यूल्स’ या नावाचे असते. पायथनमध्ये बहुतेक जण त्याला ‘व्हेन्व्ह’ म्हणतात.

ही सगळी नावे ‘.गिटइग्नोर’ या फाइलीत, एका ओळीत एक, अशी लिहावीत, आणि ही फाइल पहिल्या ‘गिट ॲड’च्या (कमिटसाठी फाइली निवडणाऱ्या आज्ञेच्या) आधी तयार असावी. गिटने आधीच नोंद घेतलेल्या फाइलीवर तिचा काहीही परिणाम होत नाही. चुकून घेतलेली फाइल ‘गिट आरएम --कॅश्ड’ या आज्ञेने पुढील नोंदींतून वगळता येते व संगणकावरची प्रत शाबूत राहते, पण मागील नोंदींत ती राहतेच.

आता प्रत्यक्ष आज्ञा. टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच उघडले आहे ना, हे नीट पाहा. डेस्कटॉपवर किंवा स्वतःच्या युझर फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ (फोल्डर गिटखाली घेणारी आज्ञा) दिले, तर फोटोंपासून डाउनलोडपर्यंत सगळे गिटच्या यादीत दिसू लागते. तसे झाले आणि काहीही कमिट केलेले नसेल, तर त्या ठिकाणचा ‘.गिट’ हा लपलेला फोल्डर काढून टाकला की पुरते. योग्य फोल्डरमध्ये ‘गिट इनिट -बी मेन’ द्यावे. 2020 मध्ये आलेल्या 2.28 या आवृत्तीपासून मुख्य ब्रँचचे (कामाच्या शाखेचे) नाव असे सुरुवातीलाच ठरवता येते. त्यानंतर ‘गिट स्टेटस’ देऊन यादी ओळ न ओळ वाचा. नको असलेले नाव दिसले तर ‘.गिटइग्नोर’मध्ये भर घाला आणि पुन्हा पाहा. यादी मनाजोगी झाल्यावर ‘गिट ॲड .’ आणि पुन्हा एकदा ‘गिट स्टेटस’. हे दुसऱ्यांदा पाहणे विद्यार्थी हमखास टाळतात.

कमिट करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर मागच्या तुकडीतील कोणाचे तरी नाव गिटमध्ये भरून ठेवलेले असू शकते, आणि मग तुमचे काम त्याच्या नावावर जमा होते. ‘गिट कॉन्फिग युझर.नेम’ आणि ‘गिट कॉन्फिग युझर.ईमेल’ या आज्ञांनी कोणाचे नाव आहे ते दिसते. त्याच आज्ञांपुढे अवतरणचिन्हांत आपले नाव व पत्ता लिहिला की तो बदलतो. सामाईक संगणकावर ‘--ग्लोबल’ जोडू नये, म्हणजे बदल तुमच्या प्रकल्पापुरताच राहतो. रेपॉझिटरी सर्वांना खुली राहणार असेल, तर कमिटमधील ईमेल पत्ताही सर्वांना दिसतो, याचा विचार करूनच तो द्यावा.

पहिल्या कमिटमध्ये ‘रीडमी’ फाइल असावी. प्रोग्राम काय करतो, तो चालवण्यासाठी काय बसवावे लागते आणि कोणती आज्ञा द्यावी, एवढे तिच्यात असले तरी चालेल. ती मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, आणि वाचनालयाचे ग्रंथपाल कन्नड वाचणारे असतील तर कन्नडमध्येही असावी. गिट रिकाम्या फोल्डरची नोंद घेत नाही. मुखपृष्ठांच्या चित्रांसाठी केलेला रिकामा फोल्डर मित्राकडे पोहोचायला हवा असेल, तर त्यात ‘.गिटकीप’ नावाची रिकामी फाइल ठेवण्याची पद्धत आहे.

पुढे मुख्य ब्रँच नेहमी चालू स्थितीत ठेवावी आणि चौघांनी आपापल्या ब्रँचवर काम करावे. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात वीज आणि नेट दोन्ही रुसतात, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. लायनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहायला घेतले, ते बिटकीपर या तशाच कामाच्या प्रणालीचा विनामूल्य वापर बंद झाल्यामुळे. आणि त्यांनी प्रत्येक प्रतीत पूर्ण इतिहास राहील अशीच तिची रचना केली. सबव्हर्जन या दुसऱ्या अशाच प्रणालीत कमिट करायला सर्व्हर लागतो, गिटमध्ये लागत नाही. दिवसभर घरी कमिट करा आणि रेंज आली की पुश करा, म्हणजे त्या कमिट सामाईक रेपॉझिटरीकडे पाठवा.

प्रश्न : माझ्या कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) लेथवर सुटे भाग तयार होतात. मशीनचे प्रोग्राम आणि कॅड (संगणकावर काढलेली) ड्रॉइंग गिटमध्ये ठेवावेत, असे मुलगा म्हणतो. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर जाऊ नयेत, अशी माझी अट आहे. हे शक्य आहे काय? (एक उद्योजक, उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : शक्य आहे, आणि आपली अट रास्त आहे. गिट आणि गिटहब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिटहब ही 2008 मध्ये सुरू झालेली आणि 2018 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची, रेपॉझिटरी इंटरनेटवर ठेवण्याची सेवा आहे. तिच्याशिवाय गिट पूर्णपणे चालते. कार्यालयातील एका संगणकावर, नेटवर्कवरून दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, ‘गिट इनिट --बेअर’ ही आज्ञा द्यावी. अशा रेपॉझिटरीत काम करण्याच्या फाइली नसतात, केवळ इतिहास असतो, आणि बाकीचे संगणक तिच्यातून क्लोन करून तिच्यातच पुश करतात. एप्रिल 2022 मधील 2.35.2 या आवृत्तीपासून गिट दुसऱ्या युझरच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करण्यास नकार देते. ‘डुबियस ओनरशिप’ असे शब्द पडद्यावर आले, तर घाबरून जाऊ नये; त्याच संदेशात ‘सेफ.डिरेक्टरी’ची जी आज्ञा सुचवलेली असते, ती देऊन तो फोल्डर विश्वासाचा ठरवता येतो.

सीएनसी प्रोग्राम ही साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे तिच्यासाठी गिट फार उपयुक्त आहे. रात्रपाळीत कोणी एका ओळीतील फीड (हत्यार सरकण्याचा वेग) ‘एफ 0.25’ची ‘एफ 0.15’ केली, तर ‘गिट डिफ’मध्ये जुनी ओळ वजा चिन्हाने आणि नवी ओळ अधिक चिन्हाने एकाखाली एक दिसते, तो बदल कोणी, कधी आणि का केला, हे ‘गिट लॉग’ सांगते. ‘का’ कळण्यासाठी मात्र कमिटच्या संदेशात ‘बदल केला’ याऐवजी ‘इन्सर्ट लवकर झिजतो म्हणून फीड कमी केली’ असे लिहिण्याची शिस्त हवी. ती शिस्त आपल्याला माणसांकडूनच करून घ्यावी लागेल.

येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. विंडोजवर गिट ओळींच्या शेवटी असलेली अदृश्य चिन्हे बदलू शकते, आणि मशीनचे काही कंट्रोलर त्या चिन्हांबाबत काटेकोर असतात. म्हणून पहिल्या कमिटपूर्वी ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ या फाइलीत ‘*.एनसी -टेक्स्ट’ अशी ओळ लिहावी. आपल्या फाइलींचे एक्स्टेन्शन वेगळे असल्यास ते घालावे. त्यानंतर फाइल जशी मशीनवरून आली तशीच राहते.

कॅड ड्रॉइंगविषयी माझे मत मुलापेक्षा वेगळे आहे. त्या फाइली बहुधा बायनरी असतात, म्हणजे साध्या मजकुराच्या नसतात. दोन आवृत्त्यांत काय बदलले ते गिट दाखवू शकत नाही, दोघांचे बदल जोडू शकत नाही, आणि प्रत्येक बदलासरशी रेपॉझिटरी फुगत जाते. गिऱ्हाइकाने मंजूर केलेले अंतिम ड्रॉइंग तेवढे पीडीएफ स्वरूपात प्रोग्रामसोबत ठेवावे, बाकीची नेहमीच्या बॅकअपमध्ये. बेअर रेपॉझिटरी एकाच डिस्कवर ठेवणे हा बॅकअप नव्हे, हेही मुलाला सांगावे. दुसरी बेअर रेपॉझिटरी बाहेरील हार्ड डिस्कवर करून ‘गिट रिमोट ॲड’ने जोडली, की आठवड्यातून एकदा तिच्यात पुश करता येते.

प्रश्न : आमच्या प्रकल्पातील मराठी आणि कन्नड नावांच्या फाइली ‘गिट स्टेटस’मध्ये 340, 244 अशा आकड्यांच्या रूपात दिसतात. फाइली खराब झाल्या आहेत काय? (एक शिक्षक, बेळगाव)

उत्तर : नाही, फाइली शाबूत आहेत. इंग्रजीबाहेरच्या अक्षरांचे बाइट गिट अष्टमान पद्धतीच्या आकड्यांत दाखवते, एवढेच. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ ही आज्ञा दिली की नावे मूळ लिपीत दिसतील. तोपर्यंत कोणती फाइल कोणत्या भाषेची आहे, हे आकड्यांवरूनही ओळखता येते : देवनागरी अक्षराची सुरुवात 340 नंतर 244 किंवा 245 ने होते, तर कन्नड अक्षराची 340 नंतर 262 किंवा 263 ने.

खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. श्रीलिपीच्या किंवा नुडीच्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धत) नसतो. फाँट काढला की त्याचा निव्वळ कचरा होतो, आणि गिटच्या डिफमध्ये तोच दिसतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच कमिट करावा. कमिटचे संदेश मराठीत लिहिले तरी चालतात.

प्रश्न : मी गिटहबच्या संकेतस्थळावर ‘रीडमी’च्या चौकटीत खूण करून रेपॉझिटरी तयार केली आणि घरच्या संगणकावरही ‘गिट इनिट’ केले. आता पुश नाकारले जाते, आणि पुल केल्यास (तेथील काम इकडे आणल्यास) ‘अनरिलेटेड हिस्टरीज’ असा संदेश येतो. (एक विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : खूण केल्यामुळे संकेतस्थळावर एक पहिली कमिट झाली आणि घरी दुसरी, दोघींचा उगम वेगळा असल्यामुळे गिट त्यांना जोडत नाही. संकेतस्थळावर ‘रीडमी’शिवाय काहीच नसेल, तर ती रेपॉझिटरी काढून टाकून कोणतीही खूण न करता नवी करणे सर्वांत सोपे. काढता येत नसेल तर ‘गिट पुल ओरिजिन मेन --अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज’ असे द्यावे. ‘--फोर्स’ने पुश करण्याचा सल्ला मित्र देतील, दुसऱ्या कोणी तेथे काम ठेवले असेल तर ते त्याने नाहीसे होते. घरच्या ब्रँचचे नाव ‘मास्टर’ असेल तर पुश बिनतक्रार होते, पण संकेतस्थळावर दोन ब्रँच दिसू लागतात, कारण गिटहबने ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपॉझिटरीसाठी ‘मेन’ हे नाव धरले आहे. अशा वेळी ‘गिट ब्रँच -एम मेन’ देऊन घरचे नाव बदलावे. येथील ‘एम’ मात्र मोठ्या लिपीतला आहे.

प्रश्न : पतसंस्थेसाठी लिहिलेल्या प्रोग्रामात एसएमएस सेवेची गुप्त की (पासवर्डसारखी किल्ली) होती आणि ती खुल्या रेपॉझिटरीत पुश झाली. दुसऱ्या कमिटमध्ये मी ती काढली आहे. एवढे पुरेसे आहे काय? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : पुरेसे नाही. आधी एसएमएस सेवेच्या खात्यात जाऊन ती की रद्द करा आणि नवी घ्या. खुल्या रेपॉझिटरींतील अशा की शोधत फिरणारे प्रोग्राम असतात आणि ते फार वेळ लावत नाहीत. इतिहास स्वच्छ करण्याचे काम त्यानंतरचे. त्यासाठी ‘गिट फिल्टर-रेपो’ हे साधन वापरतात, मात्र त्याने बदललेल्या ठिकाणापासून पुढच्या सर्व कमिटची ओळखचिन्हे बदलतात, त्यामुळे सहकाऱ्यांना नव्याने क्लोन करावे लागेल. नवी की ‘.ईएनव्ही’मध्ये ठेवा, आणि ‘.ईएनव्ही’चे नाव ‘.गिटइग्नोर’मध्ये आहे याची ‘गिट चेक-इग्नोर .ईएनव्ही’ या आज्ञेने खातरजमा करा; नाव उत्तरादाखल छापून आले तर फाइल बाहेर आहे, काहीच छापले नाही तर ती उद्या पुन्हा पुश होईल.