ब्रिटिश अभिनेते पीट पोस्टलथ्वेट यांनी सिनेमात नाव झाल्यावर नाटक सोडलं का?

नाही. ऑस्कर नामांकन आणि हॉलिवूडची मोठी कामं मिळाल्यानंतरही, वयाच्या साठीनंतर २००८ मध्ये ते लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये 'किंग लिअर' करायला परतले. त्यांच्या कामांचा क्रम पाहिला की याचं कारण उमगतं. ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत शिक्षण झाल्यावर ते घडले ते याच एव्हरीमनमध्ये, १९७० च्या दशकात. तेव्हा ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस हे पुढे नावाजलेले कलाकारही तिथे उमेदवारी करत होते. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी. पडद्यावर खरी दखल घेतली गेली ती चाळिशीनंतर. दोन बापांच्या भूमिका आवर्जून पाहा: 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज' (१९८८) मधला घरात दहशत असलेला मारकुटा बाप आणि 'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) मधला निरपराध असून तुरुंगात खंगत गेलेला जुझेप्पे कॉनलन. नामांकन या दुसऱ्या भूमिकेला मिळालं. एकाच माणसाने दोन्ही केल्यात यावर विश्वास बसत नाही, आणि माझ्या मते ती तयारी रंगमंचावरचीच आहे. मात्र एक खरं, १९९३ नंतर सिनेमाचं पारडं जड झालं आणि नाटकं मोजकीच राहिली; त्यांतलं 'स्कॅरमूश जोन्स' हे एकपात्री महत्त्वाचं. २०११ च्या जानेवारीत ते गेले, म्हणजे लिअरनंतर जेमतेम दोन वर्षांनी.