पासपोर्ट जगभर चालतो, मग डिजिटल ओळख का नाही?

तुम्ही विचारलंय, की पासपोर्टची चिप परक्या देशातल्या विमानतळावर तपासता येते, तर आपल्या देशाची डिजिटल ओळख वापरून दुसऱ्या देशाच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन का करता येऊ नये?

युरोपात करता येतं, निदान कागदावर तरी. माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये ‘ईआयडास’ नावाचा कायदा केला. ओळखपद्धती किती भरवशाची आहे यावरून तिच्या तीन पायऱ्या ठरवल्या. वरच्या दोन पायऱ्यांवरच्या, देशांनी संघाला रीतसर कळवलेल्या पद्धती सरकारी सेवांसाठी एकमेकांच्या मान्य करणं सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक झालं. ओळख चुकीची दिली गेली तर जबाबदारी कोणाची, हेही लिहून ठेवलं. माझ्या मते खरी कमाई हीच. ओळख खरी असल्याची डिजिटल सही संगणकाने तपासणं त्यामानाने किरकोळ काम आहे.

तरी लोक अडकतात ते लॉगिन झाल्यानंतर. समजा, जर्मनीचं ओळखपत्राचं कार्ड वापरून कोणी स्वीडनच्या पोर्टलवर शिरला. सीमेपलीकडून नाव, आडनाव, जन्मतारीख आणि एक ओळखचिन्ह एवढंच हमखास येतं. स्वीडनचं सगळं दप्तर मात्र तिथल्या व्यक्ती-क्रमांकावर चालतं. हा माणूस खरा आहे हे कळलं, पण आपल्या नोंदींमधला तो नेमका कोणता? एस्टोनियात ११ अंकी क्रमांक जन्मभर तोच राहतो. जर्मनीत असा एकच क्रमांक सगळीकडे वापरण्याला जुना विरोध आहे. तिथलं कार्ड प्रत्येक सेवेला वेगळं टोपणचिन्ह देतं आणि कार्ड नवं केलं की तेही बदलतं. खासगीपणासाठी हे उत्तम, जुनी नोंद शोधणाऱ्या कारकुनासाठी डोकेदुखी. मग नावावरून जुळवणी करायची, तर लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. आपल्याकडे तर पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला चिकटून येतं, त्याची परदेशी फॉर्मवर काय गत होते ते तिकडे राहणाऱ्या कोणालाही विचारा.

पासपोर्टला ही अडचण येत नाही, कारण कागद खरा आहे का आणि हा माणूस तोच का, एवढंच तिथे मुख्यतः पाहायचं असतं.

हा कायदा सुधारण्याच्या २०२१ च्या प्रस्तावात युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, प्रत्येकाला कायमचं एकमेव ओळखचिन्ह सुचवलं होतं. त्यावर बरीच ओरड झाली आणि २०२४ च्या सुधारित कायद्यात ते राहिलं नाही. त्याऐवजी सीमेपलीकडून आलेल्या माणसाची नोंद अचूक जुळवण्याचं बंधन सरकारी सेवांवर आलं. २०२६ अखेरपर्यंत प्रत्येक सदस्य देशाने डिजिटल वॉलेट, म्हणजे ओळखपत्रं फोनमध्ये ठेवायचं ॲप, द्यायचंय. जुळवणीचं गाडं तिथेही अडणार, असं मला वाटतं.

आधारचं विचाराल, तर कायद्यानेच तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. शिवाय दुसऱ्या देशाने तो मानायचा, तर पायऱ्या आणि जबाबदारी ठरवणारा करार आधी हवा. युरोपातल्या देशांना तो करायला संघाची चौकट तरी आयती मिळाली होती.