वाचकांचे प्रश्न : कागदी कातरकाम आणि त्याची फ्रेम

प्रश्न : काळ्या कार्डशीटमधून वडाचं झाड कापलं, पांढऱ्या कागदावर चिकटवलं आणि घरातल्या जुन्या फोटोफ्रेममध्ये बसवलं. कापायला तीन संध्याकाळी लागल्या, पण भिंतीवर ते छापील चित्रासारखंच दिसतं. असं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं कापणं चांगलंच असणार, गडबड चिकटवण्यात झाली आहे. कातरकामाला जीव येतो तो कडेखाली पडणाऱ्या सावलीने. आकृती मागच्या कागदाला सपाट चिकटली की सावली संपते आणि उरतो तो नुसता काळा आकार. म्हणून आकृती मागच्या कागदापासून थोडी वर उचलून बसवायची.

आधी फ्रेमची खाच, म्हणजे मागच्या बाजूने काच जिच्यात बसते ती जागा, मोजा. साध्या फोटोफ्रेमची खाच साधारण ८ ते १० मिमी खोल असते. खाच ८ मिमीची असेल तर हिशेब असा : काच २ मिमी, मागचा हार्डबोर्ड ३ मिमी, म्हणजे मध्ये राहिले ३ मिमी. काचेच्या चारही कडांना आतून ३ मिमी जाडीच्या सनबोर्डच्या (हलक्या फोम-प्लॅस्टिकच्या शीटच्या) पट्ट्या लावा. त्या जेमतेम ५ मिमी रुंद ठेवा, म्हणजे फ्रेमच्या ओठाआड (काचेवर पुढून येणाऱ्या कडेमागे) लपतील. आकृतीखाली जाड पुठ्ठ्याचे सुमारे १ मिमीचे तुकडे चिकटवा. मग आकृती कागदापासून १ मिमी वर राहते आणि काचेपासून दीडेक मिमी दूर. काचेला कागद अजिबात टेकू देऊ नका. काचेवर आतून दमटपणा धरला की कागद तिथेच चिकटतो आणि सोडवताना फाटतो.

सावली आणखी ठळक हवी असेल तर फ्रेमवाल्याकडून २० मिमी खाचेची फ्रेमची पट्टी कापून घ्या. मग आकृतीखाली ५ मिमीचा सनबोर्ड आणि कडेला १० मिमीच्या पट्ट्या आरामात मावतात.

टेकूचे तुकडे ४-५ मिमी चौरस ठेवा आणि कडेपासून ३ मिमी आत लावा, नाहीतर बाजूने बघताना दिसतात. खोडाखाली दोन-तीन, पुढे फांद्यांखाली दर ४-५ सेंमीवर एक. त्याहून लांब फांदी बिनटेकूची राहिली तर पावसाळ्यात वाकते.

रंगाबद्दलही सांगावंसं वाटतं. काळ्या आकृतीची सावली काळ्या कडेतच मिसळून जाते. पांढऱ्यावर पांढरं एकदा करून पाहा, तिथे दिसते ती फक्त सावली. मात्र अशी फ्रेम एका बाजूने उजेड येईल अशा भिंतीवर लावा. अगदी समोर ट्यूबलाइट असेल तर सावली पडतच नाही.

प्रश्न : बारीक कोपरे कापताना कागद फाटतो. कटर नवा आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कटर नवा असला तरी पात्याचं टोक लवकर बोथट होतं. कागद कापला न जाता ओढला जातोय असं हाताला जाणवलं की पात्याचा एक तुकडा मोडून नवं टोक काढा. नाजूक कामाला ९ मिमीचं, ३० अंशांचं पातं घ्या.

कोपऱ्याचे दोन्ही काप कोपऱ्यातूनच सुरू करा आणि बाहेर ओढा. दोन रेषा कोपऱ्यात येऊन मिळवायला गेलात तर एखादा तंतू अडकून राहतो. मग आपण तो तुकडा हाताने ओढतो आणि कागद फाटतो तो तिथेच. अडकलेला तुकडा ओढू नका, पात्याचं टोक पुन्हा एकदा टेकवा. वळणावर हात स्थिर ठेवून कागद फिरवा. आतली छोटी भोकं आधी आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी कापा, कारण कड सुटली की कागदाचा ताठपणा जातो. कागद १२० ते १६० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) घ्या. खाली कटिंग मॅट हवीच. पुठ्ठ्यावर कापलं तर पातं जुन्या चरांत घसरतं, आणि काचेवर टोक लगेच मरतं.

आकृतीतले दुवे निदान २ मिमी रुंद ठेवा. मथुरा-वृंदावनच्या सांझीचे, म्हणजे तिथल्या रांगोळीचे, कागदी साचे निरखून पाहा. तिथे मोराची पिसं, पानं, जाळी सगळं बारीक दुव्यांनी एकमेकांना धरून असतं. दुवे कुठे सोडायचे हे त्यांच्याइतकं नीट शिकवणारं दुसरं काही नाही.

प्रश्न : फेविकॉल लावला की कागदाला सुरकुत्या येतात.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : त्यात पाणी असतं. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि तेही एका दिशेला जास्त, म्हणून कागद लाटेसारखा उठतो. आकृतीभर फेविकॉल पसरू नका. फक्त टेकूंवर टूथपिकने मोहरीएवढा थेंब ठेवा, अर्धा मिनिट थांबा आणि मग आकृती टेकवा. वर सपाट काच ठेवून तासभर सोडा. वजन त्याहून जास्त नको, टेकूंचे उंचवटे कागदावर उमटतात. दुहेरी चिकटपट्टी सोपी वाटते, पण काही वर्षांत तिचा चिकटपणा कडेने पाझरून पिवळा होतो.

प्रश्न : देवनागरी अक्षरं कापली, ती उलटी आली.
– एक वाचक, बडोदा

उत्तर : कागदाच्या मागून आखत असाल तर मजकूर आरशातल्यासारखा उलटा आखावा लागतो. ट्रेसिंग पेपर पालथा घालून उतरवा. अक्षरं साच्यासारखी पोकळ कापत असाल तर ‘ब’ आणि ‘ष’ची पोटं दुव्यांनी धरून ठेवा, नाहीतर गळून पडतील. अक्षरं ठेवून भोवतालचा कागद काढत असाल आणि एकच शब्द असेल, तर शिरोरेषा सगळी अक्षरं आपोआप सांभाळते.

प्रश्न : कोकणात पावसाळ्यानंतर फ्रेममध्ये तपकिरी ठिपके दिसतात. कसरही लागली.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ठिपके बहुधा बुरशीचे आहेत. कसर कागदाबरोबर पिठाची खळही खाते, त्यामुळे चिकटवायला खळ वापरू नका. फ्रेम कोरड्या दिवसांत, शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये बंद करा आणि हार्डबोर्ड व लाकूड यांच्यातली फट मागून कागदी टेपने चारही बाजूंनी बुजवा. आत सिलिका जेलची पुडी ठेवून फायदा नाही, ती एकदा ओलावा प्यायली की संपली. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना ५ मिमी जाडीचे रबरी गोळे चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंतीच्या मधून हवा खेळेल. पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीवर कागदाचं काम टांगूच नका, आतली भिंत निवडा.