सर्व्हर भाड्याचा की स्वतःचा?

प्रश्न: शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे, वेबसाइटवर ऑर्डरी येतात पण दिवाळीत साइट हँग होते. मित्र म्हणतोय स्वतःचा सर्व्हर घेऊन बेंगळुरूच्या डेटा सेंटरात ठेव. घेऊ काय? – एक वाचक, बेळगाव

उत्तर: नको ओ, एवढ्यात नको. व्हीपीएस, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, भाड्यानं घ्या. एका मोठ्या मशीनचे केव्हीएमसारख्या सॉफ्टवेअरनं भाग पाडतात, त्यातला एक तुमचा, रूट ॲक्सेससकट (म्हणजे त्यावर पूर्ण ताबा तुमचा), आणि दिवाळीआधी २ जीबी रॅमची ४ करायची तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या पॅनेलवरून प्लॅन बदलून रीस्टार्ट केलं की झालं, सण संपला की परत कमी (डिस्क मात्र एकदा वाढवली की सहसा कमी होत नाही, तेवढं बघून करा). स्वतःचा सर्व्हर ठेवला की रॅकचं भाडं, विजेचा खर्च, आणि डिस्क गेली तर इथनं ५०० किलोमीटर बेंगळुरूला कोण पळणार, तेही ऐन सणात? अख्खं मशीन भाड्यानं घेतलं तर बिघडलेलं हार्डवेअर कंपनीवाले बदलून देतात खरं, पण दुकानाच्या साइटला एवढी ताकद लागतच नाही. सीपीयू दिवसभर भरलेला दिसायला लागला, डेटाबेस फार वाढला, तर तेव्हा बघा. बॅकअप तेवढा रोज दुसऱ्या कंपनीकडं जाऊ दे, नुसत्या स्नॅपशॉटवर (त्याच कंपनीकडं ठेवलेली सर्व्हरची प्रत) राहू नका, खातंच बंद झालं तर तोही जातो.