वीर्य पातळ दिसतं म्हणजे दोष आहे का?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, बायको २७ची. लग्नाला तीन वर्षं झाली, सव्वा वर्षापासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. हंगामात मी गुऱ्हाळावर गुळव्या असतो. बायकोच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे सगळं झालं, सगळं नॉर्मल आहे. आता दुर्बिणीतून बघू म्हणतात. माझी तपासणी पहिल्यांदाच, फेब्रुवारीत झाली. ती माहेरी होती, त्यामुळे पंधरा दिवस संबंध नव्हता. नमुना घरी घेतला, सुरुवातीचा थोडा सांडला, मोटारसायकलवरून लॅबला पोचायला दीड तास गेला. काउंट (दर मिलीतले शुक्रजंतू) ११ मिलियन, म्हणजे एक कोटी दहा लाख, आणि हालचाल २० टक्के आली. तसंही माझं वीर्य पाण्यासारखं दिसतं आणि शौचाला जोर केला की कधीकधी चिकट पांढरं जातं. मित्र ताकदीचं इंजेक्शन घे म्हणतो. चांगलं वीर्य ओळखायचं कसं?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आधी बायकोची दुर्बिणीची तपासणी थांबवा. तुमचीच तपासणी अजून नीट झालेली नाही. मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणासोबत. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे एक डबी आणि तासा-दोन तासांचं काम. तरी माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या हातात जाडजूड फाइल असते आणि तीत नवऱ्याचा एक कागद नसतो. भूल, एक्स-रे, सुया सगळं तिच्या वाट्याला. हे बघून मला आजही राग येतो. तुम्ही स्वतःहून विचारताय, हे फार चांगलं केलंत.

आता पातळपणाचं. वीर्य बाहेर पडतं तेव्हा घट्ट, गोळ्यागोळ्यांचं असतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत आपोआप पातळ होतं. तसं ते व्हायलाच हवं. तुम्ही ते कधी पाहिलं, किती दिवसांच्या अंतराने पाहिलं, यावर दिसणं बदलतं. शिवाय वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा २ ते ५ टक्केच असतो. बाकी द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा. म्हणून घट्ट, पांढरंशुभ्र वीर्य असलेल्या माणसाच्या रिपोर्टात एकही शुक्रजंतू नाही, असंही मी पाहिलंय. डोळ्याने वीर्याची ताकद कळत नाही. लालसर किंवा तपकिरी रंग, हिरवट-पिवळा रंग आणि घाण वास, जळजळ, किंवा दरवेळी अगदी दोन-चार थेंबच येणं, यातलं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस संबंध नसला की थोडा पिवळेपणा येतो, त्याची काळजी नको. शौचाला जोर करताना जाणारं चिकट बहुधा प्रोस्टेटचा स्राव असतो. त्याने अशक्तपणा येत नाही. एका थेंबामागे चाळीस थेंब रक्त जातं, हे तर मनातून काढूनच टाका. वृषणांत शुक्रजंतू रात्रंदिवस तयार होत असतात.

खरं उत्तर मायक्रोस्कोपखाली मिळतं. पातळ झालेल्या नमुन्याचा थेंब काचेवर घेतला की काही शुक्रजंतू सरळ पुढे सुटलेले दिसतात, काही जागच्या जागी शेपूट हलवतात, काही निपचित पडलेले असतात. मोजायचं ते हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा : वीर्य १.४ मिली, दर मिलीत १६ मिलियन शुक्रजंतू, एकूण ३९ मिलियन, हालचाल ४२ टक्के, त्यात पुढे जाणारे ३० टक्के, नीट आकाराचे फक्त ४ टक्के. शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असले तरी चालतं, हे ऐकून पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांमधल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांवरून ही रेषा आखलीय. तिच्याखाली असणं म्हणजे मूल होणारच नाही असं नव्हे.

पण तुमच्या ११ आणि २० या आकड्यांवर मी भरवसा ठेवत नाही. सर्वांत जास्त शुक्रजंतू पहिल्या भागात असतात आणि तोच सांडला. पंधरा दिवसांच्या खंडाने हालचाल मंदावते, दीड तासाच्या प्रवासाने आणखी. आताच एकदा परत तपासणी करा : २ ते ७ दिवसांचं अंतर, नमुना लॅबमध्येच, पूर्ण, कंडोम, तेल, साबण न वापरता. घरूनच न्यायचा तर डबी आतल्या खिशात ठेवून अर्ध्या-पाऊण तासात पोचवा.

तुमच्या कामाचंही बोलायला हवं. वृषणांना शरीरापेक्षा २-३ अंश कमी तापमान लागतं, म्हणून ते बाहेर असतात. तुम्ही महिनोन्महिने चुलवाणाशेजारी, उकळत्या काहिलीवर वाकून असता. त्या धगीचा परिणाम होऊ शकतो. हंगामात मोठा ताप आला असेल तर त्याचाही. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस, आणि बाहेर यायला वर आणखी काही दिवस लागतात. म्हणजे फेब्रुवारीचा रिपोर्ट नोव्हेंबरची गोष्ट सांगतो. काम सोडा, असं मी कसं म्हणेन? पण रस ढवळायला जोडीदाराशी पाळी लावा, सुती आणि सैल कपडे घाला, तंबाखू-गुटखा असेल तर बंद करा. त्यानंतरची तपासणी गुऱ्हाळ बंद झाल्यावर तीन महिन्यांनी करा.

मित्राचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका. त्यात टेस्टोस्टेरॉन असेल तर बाहेरून हार्मोन मिळतंय असं समजून मेंदू वृषणांना मिळणारा हुकूमच थांबवतो. काउंट शून्यावर येऊ शकतो आणि परत यायला कित्येक महिने लागतात.

या दरम्यान युरोसर्जनकडून एकदा तपासून घ्या, उभं राहून. वृषणाच्या, विशेषतः डाव्या बाजूच्या, शिरा फुगल्यात का, हे बोटांनी लगेच कळतं. शंभरातल्या पंधरा-एक पुरुषांत ते असतं आणि मूल न होणाऱ्यांत जास्त सापडतं. शिरा हाताला लागत असतील आणि रिपोर्टही खराब असेल, तरच ऑपरेशनचा विचार. वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजले होते का, तेही सांगा.

नीट घेतलेल्या नमुन्यातही काउंट ५ मिलियनच्या खाली आला, तर तीन महिने थांबू नका. हार्मोन आणि गुणसूत्रांच्या तपासण्या लगेच कराव्या लागतील. बायको पस्तिशीपुढची असती तरीही मी थांबा म्हटलं नसतं. ती २७ची आहे, तुमच्या हाताशी तेवढा वेळ आहे.