दारात कार असताना रोजच्या नोकरीसाठी स्कूटर घेतली तर खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडहून सातपूरला रोज कारने जाता, महिन्याला साडेसहा हजारांचं पेट्रोल लागतं आणि स्कूटर घ्यायचं मनात आहे. पण घरचे म्हणतात, कार असताना स्कूटर कशाला, सर्व्हिसिंग-इन्शुरन्समध्ये तेवढेच पैसे जातात. हे शेवटचं वाक्य मी माझ्या घरात इतक्या वेळा ऐकलंय, की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आधी तुमचा हिशोब. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, त्यामुळे आकड्यांशिवाय बोलता येत नाही. द्वारका, सीबीएस, त्र्यंबक रोड असं जाऊन-येऊन ३२ किलोमीटर धरते. २५ दिवसांचे ८०० झाले. सिग्नलला थांबत, एसी लावून तुमची कार १३ चं ॲव्हरेज देत असणार, तुमच्या साडेसहा हजारांवरूनच ते दिसतं. ११० सीसीची गिअरलेस शहरात ४५ देते. १८ लिटरमध्ये महिना भागतो, म्हणजे १,९०० च्या आसपास. महिन्याला साडेचार हजार वाचले. लाखभराची स्कूटर दोन वर्षांत फिटते. सर्व्हिसिंगचा माझा खर्च वर्षाला तीन-साडेतीन हजार, त्यात टायर सोडून सगळं आलं. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा मूळ हप्ता ११० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६. हे दर सरकारने ठरवलेले आहेत, सगळ्या कंपन्यांना सारखेच. तेव्हा 'तेवढेच पैसे जातात' म्हणणाऱ्याने एकदा कागद-पेन घेऊन बसावं.

पण हे झालं फक्त पेट्रोलचं. कार नुसती उभी असली तरी खाते, हे कुणी धरत नाही.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. २०१४ मध्ये सात वर्षांच्या कर्जावर कार घेतली, हप्ता ७,२००. नवरा औषधांच्या कंपनीत, त्याला कंपनीची बस. मला कार येत नाही. म्हणजे कार रविवारी निघायची, लग्नाकार्याला निघायची, आणि सोमवार ते शनिवार पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. एका पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं, सहा हजार गेले. मी मात्र दोन ठिकाणी बस-रिक्षा बदलत सातपूर गाठत होते. २०१७ मध्ये मी माझ्या पगारातून ६३ हजारांना स्कूटर घेतली आणि पुढच्या वर्षी नवऱ्याला बसवून हिशोब दाखवला. कार विकली. विक्रीच्या पैशात उरलेलं कर्ज फिटलं, वर १८ हजार हातात आले.

तेव्हापासून माझे मोठे दीर, ते पुण्याला असतात, प्रत्येक भेटीत एकच विषय काढायचे. चांगली गाडी विकून स्कूटरवर आलात. पुढे जायचं की मागे?

सासऱ्यांनी मात्र एका शब्दाने विरोध केला नाही. अण्णा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले. त्यांची चेतक होती, बुकिंग करून कित्येक वर्षं वाट बघून मिळालेली. सकाळी ती डाव्या अंगाला वाकडी करायची, सरळ करायची आणि मग किक मारायची, हे मी लग्न होऊन आले तेव्हाही रोज बघायचे. चेतकची त्यांची एक वही होती: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. पेट्रोलमध्ये टाकलेलं ऑइलसुद्धा वेगळ्या रकान्यात. माझी स्कूटर आली त्या संध्याकाळी त्यांनी दोनशे पानी नवी वही आणली, पट्टीने चार रकाने आखले आणि पहिली नोंद स्वतः केली. माझी वही तीच.

२०१९ च्या फेब्रुवारीत अण्णांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मुंबई नाक्याजवळ. सकाळी सातची वेळ. आमच्याच कॉलनीतला एक रिक्षावाला ठरवला, जाऊन-येऊन दोनशे. वहीत मी पाचवा रकाना आखला, रिक्षा. भाऊजी महिन्या-दीड महिन्यातून एकदा यायचे, अण्णांना आपल्या गाडीतून न्यायचे आणि परत जाताना म्हणायचे, बघ, गाडी असती तर रोज असं नेता आलं असतं. पण नेणार कोण? नवरा साडेसहाच्या बसने जायचा. मला कार येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग २०२० चा लॉकडाउन. रिक्षा बंद. नवऱ्याच्या कंपनीने कामगारांचा मुक्कामच आत ठेवला, तो सव्वा महिना घरी नव्हता. डायलिसिस चुकवता येत नाही. ॲम्ब्युलन्स दोनदा मिळाली, नंतर मिळेना. अण्णाच म्हणाले, स्कूटर काढ.

त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला होता, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर. त्या हातावर जोर द्यायचा नाही, काही धरायचं नाही. उजव्या हाताने ते मागचा दांडा धरायचे आणि डावा हात, पट्टीसकट, मांडीवर उताणा ठेवायचे. हॉस्पिटलची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या पायाशी. ओढणीने मी त्यांना कमरेशी माझ्याभोवती बांधायचे. वेग वीसच्या वर नाही. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी मी मोठ्याने सांगायचे, "अण्णा, गतिरोधक," आणि ते म्हणायचे, "आला, बघितला." पाथर्डी फाट्याच्या नाकाबंदीवर पहिल्या दिवशी पोलिसांनी अडवलं, फाईल उघडून बघितली, नंतर लांबूनच हात करून सोडायला लागले. अशा नऊ फेऱ्या केल्या. घरी आल्यावर अण्णा पलंगावर टेकायच्या आधी विचारायचे, किलोमीटर किती झाले?

अण्णा २०२१ च्या डिसेंबरात गेले. दहाव्याला गोदाघाटावर, सगळे पाहुणे उभे असताना, भाऊजी म्हणाले, "शेवटी बापाला स्कूटरवर बांधून न्यायची वेळ आली. गाडी विकली नसती तर ही वेळ आली नसती." मी काही बोलले नाही. ती जागा बोलायची नव्हती. नवराही गप्प राहिला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा न दिलेलं उत्तर आता देते. पाचव्या रकान्याची बेरीज, म्हणजे तीन वर्षांत रिक्षाला गेलेले पैसे, ५४,२००. कार ठेवली असती तर तेवढ्याच काळात नुसता हप्ता अडीच लाखांच्या वर भरावा लागला असता. इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग त्यात धरलेलंच नाही. शेवटी सात वर्षं जुनी कार नावावर राहिली असती, तेवढं खरं. पण न भरलेले ते हप्ते कुठे गेले? अण्णांचं हिमोग्लोबिन टिकवायच्या इंजेक्शनांना गेले, मशीनच्या खर्चाला गेले. कुणापुढे हात पसरावा लागला नाही. भाऊजींपुढेसुद्धा नाही. त्या सव्वा महिन्यात दारात कार असती तर ती कव्हर घालून दारातच राहिली असती.

आता स्कूटरच्या बाजूने थोडं. ती सांभाळावी लागते आणि वही ठेवली तर ती स्वतःच बोलते. २०२२ च्या सुरुवातीला, २७,००० किलोमीटरच्या सुमारास, माझं ॲव्हरेज ४६ वरून हळूहळू ३७ वर आलं. उड्डाणपुलाचा चढ चढताना इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. एका मेकॅनिकने सांगितलं, इंजिनकाम, साडेसहा हजार. मी वही दाखवली, त्याने बघितलीही नाही. मग सातपूरला कंपनीजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी वहीची शेवटची चार पानं वाचली, डाव्या बाजूचं कव्हर उघडलं आणि इंजिनची ताकद चाकाला पोचवणारा बेल्ट हातात दिला. आतल्या दातांमध्ये बारीक चिरा होत्या, नखाने उघडून बघता येत होत्या. रोलर एका बाजूने चपटे झालेले, गोल उरलेच नव्हते. बेल्ट, रोलर, मजुरी, सगळं मिळून १,९००. आठवड्यात ॲव्हरेज पुन्हा ४५. गिअरलेसचा बेल्ट २४-२५ हजार किलोमीटरला बदलायचा असतो, हे मला शोरूमच्या सर्व्हिसिंगमध्ये एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. मॅन्युअल वाचा. हवा दर पंधरा दिवसांनी भरा. ऑइल वेळेवर बदला, पाऊण लिटर तर लागतं.

कोणती घ्यायची? ११० किंवा १२५ सीसीची, पुढचं चाक १२ इंची असेल ती. दहा इंची चाक आपल्या खड्ड्यांत अख्खं उतरतं, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या शहरभर रस्ते खोदलेले आहेत. आणखी थांबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, जो फायदा व्हायचा तो झालाय. शोरूमवाला ॲक्सेसरीज आणि हँडलिंगच्या नावाखाली जे लावेल त्याचं लेखी कोटेशन मागा. मागितलं की दोन-तीन ओळी आपोआप गळतात.

जुनी घेणार असाल तर आरसीवर बँकेचा बोजा चढलेला आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही समोर घ्या आणि पेठ रोडच्या आरटीओत नाव लगेच बदला. 'नंतर करू' म्हणणाऱ्याची गाडी घेऊच नका.

इलेक्ट्रिकचं विचारलंय. स्वतःच्या मीटरवरून पार्किंगमध्ये प्लग मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, तुमच्या ३२ किलोमीटरला रोज एखादं युनिट लागेल. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून लावायचा विचार असेल तर नको, आमच्या बिल्डिंगमध्ये त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

हेल्मेट दोन घ्या, आयएसआयचं, मागे बसणाऱ्यालाही. २०२१ मध्ये नाशिकमध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' निघालं तेव्हा लोक पंपावर एकमेकांचं हेल्मेट मागून घ्यायचे, ते बघून मला चीड यायची.

दोन गोष्टी राहिल्या. डायलिसिसच्या पेशंटला स्कूटरवर न्यावं असं मी कुणालाही सांगत नाही. युनिटमधल्या सिस्टर माझ्यावर रागावल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. एका दिवशी अण्णांचं बीपी इतकं उतरलं की दोन तास झोपवून ठेवलं आणि मगच सोडलं. आणि तुमच्या घरात लहान मूल असेल, कार चालवणारे दोघं असतील, तर कार विकू नका. ठेवा, फक्त सातपूरला नेऊ नका. भर पावसाच्या दिवशी खुशाल काढा. ठेवलीत तर तिचा इन्शुरन्स वगैरे चालूच राहील, म्हणून बचत साडेचार हजारांचीच धरा, त्याहून जास्त नाही.

माझी स्कूटर आता ५१,००० वर आहे. पहिली वही २०२३ मध्ये भरली, दुसरी चालू आहे, रकाने मी आखलेत, अण्णांइतके सरळ आले नाहीत. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर पहिली वही हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा काढून ठेवते. एप्रिल २०२० ची पानं बघा, त्यातल्या सगळ्या नोंदी अण्णांच्या अक्षरात आहेत.