गेस्टाल्ट थेरपी आणि माझे दात

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. आईला जाऊन दोन वर्षं झाली, शेवटच्या दिवसांत तिच्याशी धड बोलणं झालं नाही आणि ते अजून आत अडकलंय. बेंगळुरूच्या मैत्रिणीने गेस्टाल्ट थेरपी सुचवली. तुम्ही एका व्हिडिओत कुणाला तरी रिकाम्या खुर्चीवर ओरडताना पाहिलं आणि घाबरलात. हे नक्की काय असतं, पुण्यात कोणाकडे जायचं आणि घरी वडिलांना सांगायचं का, असे तुमचे तीन प्रश्न. मी थेरपिस्ट नाही, बँकेत नोकरी करतो. पण या वाटेने अडीच वर्षं गेलोय आणि त्याआधी एका चुकीच्या दारातही शिरलोय, म्हणून लिहितो.

माझं सुरू झालं दातांपासून. झोपेत दात खायचो. सकाळी जबडा आखडलेला, एका दाढेचा टवका उडालेला. दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायचं प्लास्टिकचं कवच करून दिलं आणि हसत विचारलं, "कोणावर दात खाताय एवढे?" मी पण हसलो. घरी येईपर्यंत उत्तर मिळालं होतं. शनिवार पेठेतला आमचा वाडा बिल्डरला द्यायच्या कागदावर मी सही केली, बाबांनी केली नाही. आठ महिने आम्ही एका घरात राहून बोललो नाही. मग ते गेले.

आता गेस्टाल्टकडे येतो. शब्द जर्मन. आकृती, घडण, सगळं मिळून जे एक दिसतं ते. ठिपक्यांची रांगोळी आठवा. नुसते ठिपके घातले तरी डोळा आपोआप रेघा जोडायला लागतो आणि अर्धी सोडलेली रांगोळी येता-जाता खुपते. वर्टहायमर, कोफ्का, कोहलर या मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पाहण्याचे हे नियम अभ्यासले. फ्रिट्झ पर्ल्स आणि त्यांची पत्नी लॉरा यांनी हीच दृष्टी मनाच्या अडकलेल्या गोष्टींना लावली. दोघेही मूळचे मनोविश्लेषक. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून ते आधी हॉलंड, मग दक्षिण आफ्रिका आणि युद्धानंतर न्यूयॉर्क असे फिरले. या पद्धतीचं मूळ पुस्तक १९५१ चं, पर्ल्स, हेफरलाइन आणि गुडमन या तिघांच्या नावावर.

मला गंमत वाटली ती पर्ल्स यांच्या त्याआधीच्या, १९४२ च्या पुस्तकाची. त्यात चावणं, गिळणं, दात यांवर पानंच्या पानं आहेत. लहानपणी मोठ्यांनी भरवलेले नियम आपण न चावताच गिळतो, असं त्यांचं म्हणणं. 'मोठ्यांना उलट बोलू नये' हा घास माझ्या पोटात पन्नास वर्षं तसाच पडून होता. आणि ज्या माणसावर राग आहे त्याच्याकडे तो जाऊ शकला नाही, की उलटा फिरून आपल्यावरच येतो. जबडा आवळला जातो, श्वास अडतो. यालाही त्यांच्यात नाव आहे, पण आपल्याकडे 'दात-ओठ खाणे' आधीपासून आहेच.

प्रत्यक्ष सत्रात काय होतं? खुर्ची म्हणजे समोरच्या रिकाम्या खुर्चीत ते माणूस बसलंय असं समजून त्याच्याशी बोलणं. बहुतेक वेळ ती नसतेच. मी वारसनोंदीच्या कागदांबद्दल तावातावाने सांगत होतो, तर माझ्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "पाय हलतोय. थांबवू नका, जरा जोरात हलवा. तो काय म्हणतोय?" मला वाटलं, काय हा पोरकटपणा. तरी हलवला. पाय लाथ मारत होता.

दुसरं, भाषा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी म्हणायचो, "आपल्याला वाईट वाटतंच ना." त्या विचारायच्या, "आपल्याला म्हणजे कोणाला?" मराठीत 'आपण' म्हटलं की त्या गर्दीत 'मी' सहज लपतो. शिवाय आपल्याला राग 'येतो', रडू 'येतं', जणू ही पाहुणेमंडळी आहेत आणि आपला काही संबंध नाही. त्या मला वाक्य फिरवायला लावायच्या : "मी बाबांवर रागावलोय." तोंडातून ते बाहेर पडायला तीन आठवडे लागले.

खुर्ची आली साताठ महिन्यांनी. तिथे अडचण अशी की माझे बाबा 'अहो बाबा'. अहो म्हणून कुणाशी भांडता येतं का? "तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत" हे मी असं म्हणालो, जसं काही अर्ज वाचतोय. मग मॅडमनी मला पलीकडच्या खुर्चीत बसवलं, बाबा होऊन बोला म्हणाल्या. मी बसलो आणि तोंडातून निघालं, "अरे, तू विचारलं तरी होतंस का मला?" ओरडलोबिरडलो नाही. नंतर बराच वेळ दोघेही गप्प होतो. बाहेर कर्वे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, एवढं आठवतं.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओसारखं नाटकी वळण हे पर्ल्स यांच्या अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या शिबिरांचं. त्यांचा स्वभावही टोचणारा होता. लॉरा पर्ल्स यांचा भर माणसाला आधी आधार मिळण्यावर असायचा आणि आजचे बरेच गेस्टाल्टवाले त्याच बाजूचे आहेत. रिकाम्या खुर्चीवर कॅनडात लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या गटाने रीतसर अभ्यास केलेत आणि जवळच्या माणसाशी अर्धवट राहिलेल्या गोष्टींसाठी तिचा उपयोग दिसला आहे. पण तक्रार पॅनिक अटॅकची किंवा पुन्हा पुन्हा हात धुण्याची असती, तर मी तुम्हाला आधी सीबीटीकडे, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीकडे, पाठवलं असतं. त्यामागे पुरावा जास्त आहे. आणि जगणंच नको वाटत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, भास होत असतील, तर खुर्चीबिर्ची बाजूला ठेवून आधी सायकियाट्रिस्ट गाठा. पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची ओपीडी आहे. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आता पुण्यातला शोध. दारावर 'गेस्टाल्ट' लिहिलेली पाटी शोधत बसू नका. आपल्याकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ थेरपीचं नाव जास्त ऐकू येतं, गेस्टाल्टचं कमी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तो क्रमांक बेलाशक मागा. काउन्सेलर म्हणवणाऱ्यांचं शिक्षण मात्र एम. ए. पासून दोन दिवसांच्या प्रमाणपत्रापर्यंत काहीही असू शकतं. गेस्टाल्टचं खरं प्रशिक्षण काही वर्षांचं असतं आणि त्यात शिकणाऱ्याला स्वतः क्लायंट म्हणून बसावं लागतं. म्हणून फोनवर मी एवढंच विचारीन : तुम्ही हे कुठे आणि किती वर्षं शिकलात, स्वतः थेरपी घेतलीत का, तुमच्या कामावर देखरेख करणारं कोणी वरिष्ठ आहे का, आणि मला खुर्ची नको असेल तर चालेल का. शेवटच्या प्रश्नावर जो नाराज होईल त्याला नमस्कार करा.

माझं चुकीचं दार ते हेच. पहिल्याच दिवशी, नाव-गाव विचारून वीस मिनिटं झाली नाहीत तोच, एका गृहस्थांनी हातात उशी दिली आणि म्हणाले, "हे वडील. मारा." मी मारली, कारण मोठ्या माणसाने सांगितलं होतं. म्हणजे पुन्हा तोच न चावलेला घास! घरी येऊन दोन दिवस ताप आल्यासारखा पडून होतो. परत गेलो नाही.

ओळखीतला थेरपिस्टही नको. पेठांमध्ये हे जमवणं अवघड आहे, मी ज्यांच्याकडे जायचा विचार करत होतो त्या एक थेरपिस्ट बाई माझ्या मेव्हणीच्या भिशीत निघाल्या. गरज पडल्यास दुसऱ्या शहरातल्या व्यक्तीशी व्हिडिओवर बोला. पण इंग्रजीत बोलणारा पक्का गेस्टाल्टवाला आणि मराठीत बोलणारी दुसऱ्या पद्धतीची चांगली थेरपिस्ट अशी निवड आली, तर तुमच्या बाबतीत मी दुसरी करीन. आईशी तुम्ही ज्या भाषेत भांडायचात, अडकलेलं त्याच भाषेत आहे. तीन-चार सत्रं देऊन पाहा. दर वेळी हलकं वाटेलच असं नाही, मात्र समोरच्या व्यक्तीला "आज तुमचं हे मला आवडलं नाही" असं म्हणता येतंय का, तेवढं तपासा.

राहता राहिले वडील. बायको गेलेल्या माणसाला 'मी आईबद्दल बोलायला बाहेर जाते' हे लगेच सांगवणार नाही, हे मला कळतं. लगेच सांगितलंच पाहिजे असंही काही नाही. मी आईला पहिले चार महिने "दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो" असंच सांगत होतो. पाचव्या महिन्यात तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "तुला दात आहेत तरी किती रे?" मग सांगून टाकलं. तिने पोळी उलटली आणि म्हणाली, "त्यांचं काही निघालं तर मलाही सांग."